गावाकडचा जुना लोखंडी पूल पाडायचा ठराव येतोय. वाचवावा का, आणि वाचवता येतो का?

जुन्नरकर, सध्या कोथरूड

मूळ गाव जुन्नर तालुक्यात, नोकरीमुळे मुक्काम पुण्यात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वाद गावातच मिटलेला बरा.

गावाच्या खालच्या अंगाला नदीवर लोखंडी पूल आहे. दोन गाळे, म्हणजे दोन टेकूंमधले दोन तुकडे, आणि मध्ये घडीव दगडाचा एक पिअर, म्हणजे पुलाला तोलणारा खांब. एक गाळा पावलांनी मोजला तर शंभर फुटांच्या आसपास भरतो. रुंदी जेमतेम साडेतीन मीटर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसाच्या डोक्याइतक्या उंच त्रिकोणांच्या जाळ्या आहेत, वर मात्र मोकळं आकाश. तिरक्या पट्ट्या दोन्ही टोकांकडून गाळ्याच्या मध्याकडे उतरत येतात. सगळं काम रिवेटचं, म्हणजे ठोकून डोकं बसवलेल्या जाड खिळ्यांचं. वेल्डिंगचा टाका फक्त कठड्याला दिसतो, तोही अलीकडचा असावा. बांधला कधी, ते सांगणारं आता कोणी नाही. म्हातारी माणसं 'साहेबाच्या राज्यातला' एवढंच म्हणतात.

या पुलावरून एसटी जायची तेव्हा समोरून आलेला माणूस जाळीला पाठ लावून उभा राहायचा. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो नेणाऱ्या पिकअप परवापर्यंत इथूनच जात. आता वरच्या अंगाला स्लॅबचा नवा पूल झालाय, रस्ता तिकडे वळवलाय, आणि जुन्या पुलाच्या तोंडाशी दोन दगड आणून टाकलेत. शाळेतली पोरं आणि शेतावर जाणारी माणसं अजून त्याच पुलावरून जातात, कारण नव्या पुलावरून मोठा वळसा पडतो.

त्यात १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा पूल इंद्रायणीत कोसळला, चार माणसं गेली. तेव्हापासून लोखंडी पूल म्हटलं की गावात सगळे दचकतात. पुढच्या ग्रामसभेत 'धोकादायक पूल पाडून भंगार विकावे' असा ठराव येणार आहे. भंगाराच्या पैशातून देवळाचा सभामंडप पुरा करायचा, अशीही कुजबुज आहे. मंडप व्हावा, माझी ना नाही. पण पूल जाऊ नये असं वाटतं. नुसतं वाटून उपयोग नाही, म्हणून इथे विचारतोय.

असा पूल पायी जाण्यासाठी ठेवता येतो का? तो खरंच धोकादायक आहे हे कोण ठरवणार? आणि पुरातत्व खात्याकडे गेलं तर काही हाती लागेल का? पुलांच्या कामातलं कोणी असेल तर सविस्तर लिहा.

ओतूरचा बागायतदार

भाऊ, राग मानू नका, पण कोथरूडला बसून पूल वाचवायची हौस सोपी आहे. आमच्याकडे असाच अरुंद पूल होता. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या लावून त्यावर अडकला की दोन्हीकडे रांग. रात्री-अपरात्री पेशंट न्यायचा असेल तर ड्रायव्हर आधी विचारायचा, कोणत्या रस्त्याने जायचं, म्हणजे पूल लागणार का. नवा झाला तेव्हा आम्ही पेढे वाटले.

फोटो काढायला येणारे रविवारी येतात, सोमवारी आम्हीच असतो. कुंडमळ्यालाही रविवारच होता. 'वापरू नये' असा बोर्ड लावून कोणी थांबतं का? पूल ठेवलात तर त्यावर रील काढायला गर्दी होणार, आणि उद्या काही झालं तर सरपंचाच्या दारात पोलीस. तुमच्या दारात नाही.

ठेवायचाच असेल तर जबाबदारी कोणाची ते आधी कागदावर घ्या. बाकी गप्पा नंतर.

रिवेटवाला, भोसरी

बागायतदार रोखठोक बोलले, पण मुद्द्याचं बोलले. त्यांच्याकडे शेवटी येतो.

माझी ओळख एवढीच: भोसरीत स्ट्रक्चरल फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं, त्याआधी गर्डर दुरुस्तीच्या ठेकेदारांकडे उमेदवारी केली. आता मुलगा बघतो, मी फक्त सल्ले देतो, जे कोणी मागत नाही. तुम्ही मागितलात, तर ऐका.

तुमच्या वर्णनावरून हा प्रॅट जातीचा ट्रस, म्हणजे त्रिकोणी जाळीचा सांगाडा, दिसतो. अमेरिकेत १८४४ मध्ये प्रॅट बापलेकांनी पेटंट घेतलेली रचना, पुढे जगभर गेली. उभे दांडे दाब घेतात, तिरके दांडे ताण घेतात, म्हणून तिरके बारीक करता येतात आणि लोखंड वाचतं. उभे दांडेच नसून नुसते डब्ल्यूसारखे त्रिकोण असते, तर मी वॉरेन म्हटलं असतं. वरून मोकळा म्हणजे पोनी ट्रस. हे लक्षात ठेवा, कारण पोनी ट्रसची एक खोड असते. वरचा आडवा दांडा दाबाखाली असतो आणि त्याला डोक्यावरून बांधणारं काही नसतं. तो बाजूला लचकू नये म्हणून उभे दांडे आणि रस्त्याखालचे आडवे गर्डर मिळून इंग्रजी यू सारखी चौकट करतात. एखाद्या ट्रॉलीने उभा दांडा ठोकून वाकवला असेल, तर गावाला ते किरकोळ वाटेल. मला नाही वाटणार.

आता वयाबद्दल. लोखंडी पूल वयाने पडत नाहीत. बिहारमध्ये सोन नदीवरचा कोइलवरचा पूल १८६२ चा, प्रयागराजचा यमुनेवरचा नैनीचा पूल १८६५ चा. दोन्हींवरून आजही आगगाड्या जातात. का? कारण रेल्वेचा माणूस दरवर्षी हातोडी घेऊन प्रत्येक सांध्यापाशी जातो आणि वहीत लिहितो. उलट कुंडमळ्याचा पूल ब्रिटिशांचा नव्हता, साधारण तीसेक वर्षांचाच होता. पूल पडतो तो न झेपणाऱ्या भाराने, पाण्याने, किंवा कोणी न पाहिल्याने. बहुतेक वेळा तिन्ही मिळून.

भाराचं गणित करून दाखवतो, कारण 'गाड्या बंद केल्या, आता काय होतंय' ही समजूत फार खोल रुजलेली आहे. तुमचा गाळा ३० मीटर लांब आणि ३.५ मीटर रुंद धरू, म्हणजे १०५ चौरस मीटर. खांद्याला खांदा लावून गर्दी उभी राहिली तर हिशेबाला चौरस मीटरला ५०० किलो धरतात. झाले साडेबावन्न टन, एकाच गाळ्यावर. तीन आक्सलच्या दहा चाकी ट्रकची कायदेशीर मर्यादा साडेअठ्ठावीस टन आहे. म्हणजे यात्रेच्या दिवशी पायी माणसांनी भरलेला पूल हा भरलेल्या ट्रकपेक्षा जड. पादचारी पूल हलका असतो हे डोक्यातून काढा.

याची दुसरी बाजूही आहे. तुमच्या पुलावर डांबर किती आहे ते बघा. दर काही वर्षांनी रस्त्याचं काम निघतं, ठेकेदार पुलावरूनही थर ओढून पुढे जातो, खालचा कोणी उकरत नाही. दहा सेंटिमीटर जाडी म्हणजे त्या गाळ्यावर साडेदहा घनमीटर डांबर, वजन सुमारे २४ टन. हा भार रात्रंदिवस तिथेच बसून असतो. तो खरवडून काढला आणि वर हलकी फरसबंदी केली, तर माणसांसाठी तेवढी ताकद पुलाला परत मिळते. एकही नवा दांडा न लावता. मिनिआपोलिसचा हायवेवरचा ट्रस पूल १ ऑगस्ट २००७ ला कोसळला, १३ माणसं गेली. सांध्यांवरच्या गसेट प्लेटा, म्हणजे दांडे एकत्र धरणारे पत्रे, मुळातच पातळ धरल्या होत्या, वर वर्षानुवर्षं वाढवलेलं वजन, आणि त्या दिवशी कामासाठी आणून ठेवलेलं साहित्य. पूल १९६७ चा, म्हणजे चाळिशीचा.

तपासायचं कुठे? लोक वर बघतात, रंग गेलाय म्हणतात. तुम्ही खाली बघा. ट्रसचा खालचा आडवा दांडा, आम्ही बॉटम कॉर्ड म्हणतो, तो पूर्ण ताणात असतो आणि माती, शेण, पालापाचोळा नेमका त्याच्यातच साठतो. उन्हाळ्यातसुद्धा ती माती आतून ओली असते. खराट्याने साफ करा, मगच लोखंड दिसेल. तिथे वडाचं किंवा पिंपळाचं रोप उगवलेलं असलं तर नुसतं ओढून काढू नका, मूळ कुठे शिरलंय ते आधी बघा. मग सांध्यांकडे या. दोन प्लेटांच्या मध्ये गंज शिरला की तो मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो, प्लेटा फाकवतो, शेवटी रिवेटचं डोकं उडवतो. रिवेट तपासायला यंत्र लागत नाही. एका बाजूने हातोडी मारायची, दुसऱ्या बाजूच्या डोक्यावर बोट ठेवायचं. सैल रिवेट बोटाला लगेच कळतो.

तिसरी जागा बेअरिंग, म्हणजे गाळा जिच्यावर टेकतो ती बैठक. गाळ्याचं एक टोक पक्कं असतं, दुसरं रोलरवर किंवा सरकत्या प्लेटवर. पहाटेच्या थंडीत आणि भर उन्हात ३० अंशांचा फरक पडला तर ३० मीटरचा गाळा ११ मिलिमीटर लांब होतो. रोलर मातीने जाम झाले असतील तर तेवढा धक्का पिअरच्या माथ्याला बसतो आणि दगड सुटायला लागतात. ही साफसफाई आहे, इंजिनिअरिंग नाही. तरीही कोणी करत नाही.

आणि एक इशारा. उत्साहाच्या भरात गावातल्या वेल्डरला बोलावू नका. तुमचा पूल १८९० च्या आधीचा निघाला तर तो पोलादाचा नसून घडीव लोखंडाचा असण्याची शक्यता मोठी. घडीव लोखंडात स्लॅगचे, म्हणजे भट्टीतल्या मळीचे, धागे असतात. तोडलं तर चिपाडासारखं तंतूतंतूंनी तुटतं. त्यावर वेल्डिंगचा टाका वरच्या पापुद्र्याला धरतो आणि पापुद्राच सोडून येतो. जुन्या पोलादातही गंधक-फॉस्फरसचा भरवसा नसतो. आधी नमुना प्रयोगशाळेत, मग निर्णय. तोवर बोल्ट. रिवेटसारख्या घुमटी डोक्याचे हाय टेन्साइल बोल्ट मिळतात, दिसायलाही वाईट दिसत नाहीत. जुना रंग कोरडा ग्राइंडर लावून उडवू नका, त्या काळी पहिला हात शिशाच्या लाल रंगाचा असायचा. ती धूळ कामगाराच्या छातीत आणि खाली नदीत जाते.

पुरातत्वाबद्दल मी आशा लावून घेणार नाही. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात स्मारकाला किमान शंभर वर्षं लागतात, आणि शंभर वर्षं झाली म्हणजे संरक्षण आपोआप मिळतं असंही नाही. खंडाळ्याचा अमृतांजन पूल आठवतो ना? १८३० चा, दगडी. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊन होतं, रस्ता रिकामा होता, सुरुंग लावून पाडला. तो तर पुणे-मुंबई रस्त्यावर सगळ्या जगाच्या डोळ्यांसमोर होता. तुमचा पूल ग्रामीण मार्गावर आहे.

आता बागायतदारांचा मुद्दा. जबाबदारी कोणाची? राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकामकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. तुमचा रस्ता कोणत्या वर्गात होता ते काढा. मात्र रस्ता वळवला की जुना पूल कोणाच्याच देखभालीच्या यादीत राहत नाही. खरा धोका तिथे सुरू होतो. पूल असतो, माणसं जातात, पण त्याच्या नावाने रंगाचा एक डबासुद्धा निघत नाही. आणि ग्रामपंचायतीचा पूलच नसेल तर तो पाडून भंगार विकायचा अधिकारही तिला नाही. हे ग्रामसभेत गोड शब्दांत सांगा, मंडपाच्या नादात उगाच वैर नको.

लान्सिंगचा पुणेकर

मी मूळचा सदाशिव पेठेतला, आता बरीच वर्षं मिशिगनमध्ये. इथे खेड्यांतल्या रस्त्यांवर असे ट्रस पूल अजून भेटतात. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात ओहायोतल्या कंपन्या ते कॅटलॉगवरून विकायच्या. काउंटीने नदीची रुंदी कळवायची, सुटे भाग रेल्वेने यायचे, जागेवर जोडायचे. म्हणूनच ते सुटेही करता येतात. पुष्कळ पुलांच्या कपाळावर कंपनीचं नाव आणि साल कोरलेली पाटी असते. तुमच्या पुलावर तशी पाटी किंवा तिच्या जागेची भोकं आहेत का, नक्की बघा.

इथला एक नियम मला आवडतो. संघराज्याच्या पैशाने काम होणार असेल आणि त्यात ऐतिहासिक पूल पाडायचा असेल, तर राज्याला आधी तो फुकट देऊ करावा लागतो: कोणी संस्था, गाव, ट्रस्ट घेऊन नीट सांभाळायला तयार आहे का? १९८७ पासून ही तरतूद आहे. पाडायला जो खर्च आला असता तेवढी रक्कम घेणाऱ्याला मदत म्हणून मिळू शकते. घेणारा मिळतोच असं नाही. कित्येक पूल जाहिरात देऊनही भंगारात गेले. पण बॅटल क्रीकजवळ कॅलहून काउंटीने एक अख्खी बागच केली आहे. ठिकठिकाणचे पूल खोलून आणले, दुरुस्त केले आणि तिथे पायवाटांवर पुन्हा उभे केले. त्यांच्यावरून चालता येतं.

तपासणीचं म्हणाल तर तीही इथे आपोआप आली नाही. १९६७ च्या डिसेंबरात ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज संध्याकाळच्या गर्दीत कोसळला, ४६ माणसं गेली. ट्रस नव्हता तो, साखळीसारख्या लोखंडी पट्ट्यांवर टांगलेला झुलता पूल होता, आणि त्यातल्या एका पट्टीच्या डोळ्याला तडा गेला होता. त्यानंतर देशभर ठरावीक मुदतीने पूल तपासायचे नियम झाले. साधारणपणे दर दोन वर्षांनी.

रिवेटवाले काका, एक विचारतो. आपल्याकडे असा पूल हलवून दुसरीकडे लावल्याची उदाहरणं आहेत का? की पाडणे आणि तसाच सोडणे एवढे दोनच मार्ग?

जुन्नरकर, सध्या कोथरूड

सगळ्यांचे आभार. काल गावी जाऊन आलो. काकांनी सांगितलं तसं खराटा आणि हातोडी घेऊन चुलतभावाला बरोबर नेलं. त्याने आधी चेष्टा केली, मग तोच जाळीखाली शिरला.

पाटी नाही. पण रस्त्याखालच्या एका गर्डरच्या पोटाला, गंजाखाली, उठावाची इंग्रजी अक्षरं सापडली: डॉर्मन लाँग, आणि पुढे इंग्लंड. दुसऱ्या एकावर काहीतरी आहे, पण वाचता येत नाही. डांबराचा थर कडेला उकरून पाहिला, टेप लावली, बारा सेंटिमीटर निघाला. एक उभा दांडा ओतूरच्या बाजूच्या टोकाला वाकलेला आहे, बहुतेक ट्रॉलीनेच. खालच्या कॉर्डमध्ये माती होती, ती काढल्यावर दोन ठिकाणी पत्र्याचे पापुद्रे हातात आले. बाकी लोखंड टणक वाजतं.

मला जास्त काळजी वाटली ती मधल्या पिअरची. वाळू उपशाने नदीचं पात्र खूप खाली गेलंय. लहानपणी जिथे आम्ही वाळूत बसायचो, त्याच्या पार खालचा दगडी पाया आता उघडा दिसतो, आणि वरच्या अंगाला त्याच्याखाली हात जाईल एवढी पोकळी आहे.

बागायतदार दादा, तुमचं म्हणणं मी ग्रामसभेत तसंच मांडणार आहे. तुम्हीही या, अंतर फार नाही.

ओतूरचा बागायतदार

येतो. पण ट्रॉली नव्या पुलावरूनच, हे आधी ठरवा. जुन्याच्या तोंडाशी दगड चालत नाहीत, लोक बाजूला सारतात. लोखंडी खांब गाडा, मोटारसायकलसुद्धा जाणार नाही एवढ्या अंतरावर.

रिवेटवाला, भोसरी

खांबांबद्दल एकदम बरोबर. कुंडमळ्याला माणसांच्या गर्दीत दुचाक्याही होत्या.

जुन्नरकर, तुमच्या फेरीने बरंच कळलं. डॉर्मन लाँग म्हणजे इंग्लंडातल्या मिडल्सब्रोची कंपनी, १८७५ पासूनची. नाव उठावात आहे म्हणजे गर्डर त्यांच्या रोलिंग मिलमधून आलेला. पूल त्यांनी बांधला असा अर्थ काढू नका, तो मुंबईच्या एखाद्या कारखान्यात जोडला गेला असू शकतो. भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रुडास १८५८ पासून असलीच कामं करायची. न वाचता येणाऱ्या अक्षरांवर कोरडा खडू आडवा घासा, उठाव दिसेल. 'टाटा' निघालं तर तो गर्डर १९१२ नंतरचा, कारण जमशेदपूरचं पहिलं पोलाद त्या वर्षीचं. एकाच पुलात दोन नावं सापडणं नवल नाही, नंतर बदललेला गर्डर असू शकतो. घडीव लोखंडाची शक्यता आता कमी झाली, पण नमुना तपासल्याशिवाय वेल्डिंग नको, हे कायम.

पिअरचं मात्र गंभीर आहे. बाकी सगळं मी विसरायला तयार आहे, हे नाही. ट्रस कितीही टणक वाजला तरी तो पायावर बसलाय. पायाखालची माती वाहून जाणं हे पूल पडण्याच्या सर्वांत नेहमीच्या कारणांपैकी एक. महाडला २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीचा दगडी पूल गेला, तोही पुरातच. हात जाईल एवढी पोकळी म्हणजे पुढच्या मोठ्या पुरापर्यंत थांबायची वेळ नाही. पूल आजपासून पूर्ण बंद करा, पायीसुद्धा. शाळेच्या पोरांना वळसा पडू दे. हे लेखी अर्जात पहिलं वाक्य असू द्या, नाहीतर उद्या 'तुम्हीच वाचवा म्हणत होतात' असं तुमच्याच गळ्यात येईल.

पायाची दुरुस्ती होण्यासारखी असते. पाणी आटल्यावर पोकळी काँक्रीटने भरायची, भोवती मोठ्या दगडांचं संरक्षण, आणि खालच्या अंगाला एक बुटका आडवा बांध, म्हणजे पात्र आणखी खाली जाणार नाही. वाळू उपसा चालू राहिला तर यातलं काहीही टिकत नाही. ते तहसीलदारांकडे, वेगळ्या अर्जाने.

लान्सिंगकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. जुना ऐतिहासिक पूल हलवून जपल्याचं ठळक उदाहरण मला इथलं देता येणार नाही. जागेवर ठेवल्याचं देतो. अहमदाबादचा एलिस ब्रिज १८९२ चा, त्याच्या दोन्ही अंगांना नवे पूल बांधले आणि जुन्या कमानी मध्ये तशाच ठेवल्या. सुटा पूल जोडण्याची कला मात्र आपल्या पुण्यातच आहे. २०१७ च्या एल्फिन्स्टन रोडच्या चेंगराचेंगरीनंतर खडकीच्या बॉम्बे सॅपर्सनी, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलाने, मुंबईत बेली पद्धतीचे पादचारी पूल उभे केले. बेली म्हणजे ट्रसच, दहा फुटी पॅनेल पिनांनी जोडत जायचं, मनुष्यबळाने. रिवेटचा पूल तितका सोपा नाही, प्रत्येक सांध्याचे रिवेट कापावे लागतात, पण प्रत्येक दांड्यावर नंबर टाकून, नकाशा करून खोलला तर परत बोल्टने उभा करता येतो. तेव्हा तिसरा मार्ग आहे. पायाचं एस्टिमेट परवडलं नाही, तर दोनातला बरा गाळा उचलून गावच्याच एखाद्या ओढ्यावर ठेवा, जिथे पोरांचा वळसा वाचेल. दुसरा गाळा सुट्या भागांसाठी. मला यात काही कमीपणा वाटत नाही. गंजत ठेवून 'वारसा जपला' म्हणण्यापेक्षा बरंच.

ग्रामसभेआधी एवढं करा. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाला: या पुलाची नोंद, बांधल्याचं साल, शेवटची तपासणी, नवा पूल झाल्यावर जुन्याचं काय ठरलं. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. ठराव पाडण्याचा नको, तपासणीचा मागा: भारक्षमतेची तपासणी आयआरसी एसपी ३७ प्रमाणे (इंडियन रोड्स काँग्रेसची त्यासाठीची मार्गदर्शिका), पायाची पाहणी, आणि तोवर पूल बंद. 'धोकादायक आहे' आणि 'नाही' दोन्ही म्हणणारे या ठरावावर सही करू शकतात. त्यात आणखी एक ओळ हवी, बागायतदारांसाठी: ठेवायचा ठरला तर दरवर्षी पावसाळ्याआधी साफसफाई आणि ठरावीक वर्षांनी रंग कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे बजेटच्या कोणत्या खात्यातून, आणि एका वेळी किती माणसं. त्या ओळीवर कोणी सही करत नसेल तर पूल खोलून हलवा, माझं मत स्पष्ट आहे.

दुरुस्तीच्या नावाखाली वजन वाढू देऊ नका. मोरबीला २०२२ मध्ये झुलत्या पुलावर १३५ माणसं गेली. जुन्या लाकडी फळ्या काढून ॲल्युमिनियमचं जड डेक, म्हणजे चालायचा पृष्ठभाग, घातलं होतं आणि गंजलेल्या तारा तशाच ठेवल्या होत्या. तुमच्याकडे कोणी ग्रॅनाइटच्या लाद्या सुचवल्या तर सरळ नाही म्हणा.

ठरावाचा मसुदा इथे टाका, बघून देतो. फक्त 'सुशोभीकरण' हा शब्द त्यात घालू नका. त्या नावाखाली एलईडी येतात, सेल्फी पॉइंट येतो, आणि रंगाचे पैसे तिथेच संपतात.